कापलेला कोपरा : एका नाविकाच्या सेवादाखल्याचे वाचन

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक कागद आहे. जाडसर, चौघडी घातलेला, घड्यांवर विरलेला. त्याचा उजवीकडचा वरचा कोपरा नाही. तो कोपरा इंग्रजांनी कापला, असे मी लहानपणापासून ऐकत आलो.

कागद माझ्या आजोबांच्या नौदलातील सेवेचा दाखला आहे. घरातली हकिकत अशी : आजोबा शाही भारतीय नौदलात होते, १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईला नाविकांनी उठाव केला, त्यात ते होते, म्हणून इंग्रजांनी त्यांना आधी डलहौसीला पाठवले, मग नोकरीवरून काढले आणि दाखल्याचा कोपरा कापून तो हातात दिला. एवढ्यात आमच्या घराचा स्वातंत्र्यलढा संपतो. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की तो दरवर्षी नव्याने सांगितला जाई, आणि सांगून झाला की ट्रंक उघडली जाई. कोपरा नाही हे सगळ्यांनी पाहायचे आणि ट्रंक बंद करायची. कागदावर काय लिहिले आहे ते कोणी वाचले नव्हते. कोपरा नसणे हाच पुरावा होता.

त्या उठावाच्या ८० वर्षांचे निमित्त होते. गावच्या मंडळाने देवळासमोरच्या चौकात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा फलक लावायचे ठरवले आणि आजोबांच्या नावापुढे घालायचा मजकूर माझ्याकडे मागितला. आयुष्यभर मी इतरांच्या पुस्तकांवर लिहीत आलो आहे. शब्द तपासणे हीच माझी सवय. तेव्हा पहिल्यांदा मी तो कागद कोपऱ्यासाठी न उघडता वाचण्यासाठी उघडला.

कोपऱ्याच्या दंतकथेला आधार आहे, हे आधी सांगितले पाहिजे. ब्रिटिश शाही नौदलाच्या सेवादाखल्यावर एक सूचना छापलेली असे : माणूस वाईट वर्तणुकीच्या शेऱ्यानिशी किंवा बदनामीने काढला गेला, तर दाखल्याचा कोपरा कापावा, आणि कापल्याची नोंद दप्तरात करावी. पुढे तो माणूस कुठेही नोकरी मागायला गेला की वाचता न येणाऱ्या मुकादमालाही एका नजरेत कळावे, अशी ही योजना. भारतीय नौदलाची शिस्त, हुद्दे आणि कागदपत्रांची रीत ब्रिटिश नौदलावरूनच घेतलेली. म्हणजे आमच्या घरात कोणीतरी, बहुधा आजोबांच्या एखाद्या जोडीदाराने, ही पद्धत सांगितली असणार. दंतकथा हवेतून आलेली नव्हती.

पण कात्रीची कड सरळ असते. या कागदाची कड नागमोडी आहे. चौघडी पुन्हा घालून पाहिली तेव्हा चारही कोपरे एकावर एक आले, आणि उरलेले तीन कोपरेही कुरतडलेले दिसले : पहिला पुष्कळ, दुसरा त्याहून कमी, तिसरा नखाएवढा. दाखला हातात देताना कापला असता तर एकच कोपरा गेला असता. हा कागद घडी घातल्यावर, ट्रंकेत, वर्षानुवर्षांच्या पावसाळ्यांत खाल्ला गेला आहे. आत वर्तणुकीचा रकाना आहे. दर वर्षाच्या ३१ डिसेंबरला आणि सेवेच्या शेवटी त्यात शेरा मारलेला आहे. प्रत्येक ठिकाणी तीच दोन अक्षरे : व्ही. जी. म्हणजे फार चांगली. शेवटच्या ओळीत मे १९४६ ही तारीख आणि कारणाच्या जागी एकच शब्द : रिलीज.

कोपरा इंग्रजांनी कापला नव्हता. वाळवीने खाल्ला होता.

पुढचा महिना मी हे कोणाला सांगितले नाही. आपण दाखला चुकीचा वाचत आहोत अशी आशा होती. म्हणून रकान्यामागून रकाना पुन्हा वाचू लागलो, आणि वाचता वाचता घरातल्या हकिकतीची आणखी दोन वाक्ये ढासळली.

पहिले वाक्य डलहौसीचे. दाखल्यात एक रकाना जहाजाचा असतो. त्यात 'डलहौसी' असे स्पष्ट लिहिले आहे, नोव्हेंबर १९४५ ते मे १९४६. माझ्या वडिलांनी एवढा एकच शब्द वाचला असावा, आणि नकाशात शोधल्यावर तो हिमालयात सापडला. थंड हवेच्या ठिकाणी नाविकाला कशाला पाठवतील? शिक्षा म्हणूनच, असा तर्क त्यांनी केला. तर्क चुकीचा नव्हता, वाचन चुकीचे होते. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजाचे नाव देतात आणि तिथे नेमलेला माणूस कागदोपत्री जहाजावरच असतो. 'तलवार' हे कुलाब्यातले संदेशवहनाचे शिक्षणकेंद्र. 'अकबर' ठाण्याजवळ कोलशेतला. 'शिवाजी' लोणावळ्याला, जिथे समुद्राचा मागमूस नाही, आणि तरीही १९४५ पासून तिथे जहाजांची यंत्रे शिकवली जात. 'डलहौसी' म्हणजे मुंबईच्या कोटातली कॅसल बॅरॅक्स. १९५१ मध्ये त्याच तळाला 'आंग्रे' हे नाव मिळाले. आमचे आजोबा हिमालयात कधी गेलेच नाहीत. ते आजच्या हॉर्निमन सर्कलपासून हाकेच्या अंतरावर होते.

जुन्या नाविकांचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जहाजाचे नाव दिसले की आपण लगेच समुद्र कल्पितो. आधी ते जहाज तरंगत होते की नाही ते पाहावे.

दुसरे वाक्य कोळशाचे. आजोबा स्टोकर होते. भट्टीत फावड्याने कोळसा मारून मारून त्यांचे हात काळे झाले होते, असे आत्या सांगे. दाखल्यात डलहौसीच्या आधीची ओळ 'नर्बदा' अशी आहे. म्हणजे आपली नर्मदा. हे खरेखुरे, तरंगणारे जहाज. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला बांधलेले, १९४३ मध्ये सेवेत आलेले, सहा चार-इंची तोफांचे स्लूप. आणि ते तेलावर चालणारे होते. बॉयलरखालची आग तेलाच्या फवाऱ्याची, वाफ टर्बाइनला जाणारी. स्टोकर हे नाव कोळशाच्या काळातून तसेच चालत आले. फावडे तेव्हाच गेले होते. आजोबांचे काम झडपा, दाब आणि ज्वाळेचा रंग पाहण्याचे, असह्य उकाड्यात तासन्‌तास उभे राहण्याचे. ते हलके नव्हते, पण कोळशाचेही नव्हते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, नातू आजोबांची हकिकत खोडत सुटला आहे. मलाही तसेच वाटू लागले होते. पण याच रकान्याने घरात कधीही न सांगितलेली एक गोष्ट हाती दिली. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या, तेव्हा 'नर्बदा' आणि 'जमुना' ही दोन भारतीय जहाजे तोफांचा मारा करत त्यांच्या पाठीशी होती. हा किनारा खाड्यांचा, चिखलाचा आणि कांदळवनांचा. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला विशी-बाविशीचा एक मुलगा अशा ठिकाणी जहाजाच्या पोटात उभा होता. वर तोफा सुटल्या की खाली पत्रा हादरतो. बाहेर काय चालले आहे ते खालच्या माणसाला दिसत नाही. या लढाईबद्दल आमच्या घरात एक शब्दही नाही. ज्या शिक्षेचा पुरावा नव्हता ती आम्ही तीन पिढ्या सांगितली, आणि जी लढाई कागदावर लिहिलेली होती ती विसरलो.

का विसरलो, हे कळणे अवघड नाही. नर्मदेवरची लढाई इंग्रजांची होती. १९४७ नंतरच्या घरात ती सांगण्यासारखी नव्हती. त्यात फाळणीनंतर 'नर्बदा' पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि 'झेलम' झाली. ते जहाजही दाखवायला आपल्याकडे उरले नाही. घराच्या आठवणीही काळाप्रमाणे रकाने आखतात आणि त्यांत न बसणारे गाळतात.

आता मुख्य प्रश्न : १८ ते २३ फेब्रुवारी १९४६ या दिवसांत आजोबा काय करत होते?

उठावाची रूपरेषा बहुतेकांना ठाऊक आहे. १८ तारखेला 'तलवार'वरच्या नाविकांनी निकृष्ट अन्न नाकारले. कमांडर किंग या अधिकाऱ्याने त्यांना घातलेल्या अपमानास्पद शिव्या ताज्या होत्या. भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल बी. सी. दत्त हा नाविक आधीच पकडला गेला होता. दोन दिवसांत मुंबईतली जहाजे आणि तळ, मग कराचीतले 'हिंदुस्तान', आणि इतर बंदरेही सामील झाली. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सला लष्कराचा वेढा पडला आणि आतून-बाहेरून गोळीबार झाला. मुंबईतले कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर, नाविकांनी शरणागती पत्करली.

म्हणजे दाखल्याप्रमाणे आजोबा त्या दिवसांत कॅसल बॅरॅक्सच्या हजेरीपटावर होते. ज्या भिंतींच्या आत गोळ्या चालल्या त्याच भिंतींच्या आत. पण 'होते' याचा अर्थ काय?

इथे मला उठावावरची पुस्तके नव्याने वाचावी लागली, आणि या वेळी केवळ माहितीसाठी नाही. प्रत्येक पुस्तकात मी एका स्टोकरची जागा शोधत होतो.

उठावावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण तीन आकडे देतो : ७८ जहाजे, २० किनारी तळ, २० हजार नाविक. आणि शेवटी चौथा आकडा येतो : ४७६ जणांना नोकरीवरून काढले. हे आकडे पुस्तकातून पुस्तकात, भाषणातून भाषणात इतके फिरले आहेत की ते एकमेकांशेजारी ठेवून कोणी पाहत नाही. पहिल्या आकड्याने मोजले तर आजोबा उठावात होते, कारण त्यांचा तळ होता. दुसऱ्याने मोजले तर नव्हते, कारण त्यांना काढले नाही. माझे आजोबा ४७६ आणि २०,००० यांच्या मधे कुठेतरी आहेत. त्या मधल्या जागेत साडेएकोणीस हजार माणसे आहेत. त्यांच्याबद्दल ही पुस्तके काय सांगतात?

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर सय्यद फझल अली होते. न्यायमूर्ती कृष्णस्वामी अय्यंगार आणि न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांच्याबरोबर एक नौदलाचा आणि एक लष्कराचा ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी सदस्य होता. अन्न, वेतन, राहण्याची जागा, वंशभेदाची वागणूक, युद्ध संपल्यावर नोकरी जाण्याची भीती, हे सगळे आयोगाने नोंदवले. उठावाच्या मुळाशी दीर्घकाळ न सोडवलेल्या तक्रारी होत्या आणि राजकीय वातावरणाने त्या तीव्र केल्या, असा त्याचा निष्कर्ष. अहवाल प्रामाणिक आहे. त्याच्यावर वसाहतवादी असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे, पण अन्यायाचे. त्याची मर्यादा वेगळी आहे. चौकशीत माणसे दोनच प्रकारची असतात : साक्ष देणारे आणि दोषी ठरू शकणारे. जो ना पुढे आला ना पकडला गेला, त्याच्यासाठी अहवालात वाक्य नाही. तो 'नाविक' या अनेकवचनात आहे.

दुसरा ग्रंथ कमांडर कॉलिन्स यांचा, युद्धकाळातल्या शाही भारतीय नौदलाचा अधिकृत इतिहास, १९६४ चा. नर्मदेच्या आराकानमधल्या कामगिरीचा संदर्भ शोधायचा तर याला पर्याय नाही. पण तो जहाजांचा इतिहास आहे. वाक्याचा कर्ता जहाज असते : जहाजाने मारा केला, जहाज परतले. जहाजाच्या पोटात वाफ कोणी धरून ठेवली, हा त्याचा प्रश्नच नाही.

तिसरे वाचन बंडवाल्यांच्या स्वतःच्या पुस्तकांचे. बडतर्फ नाविकांच्या एका गटाने लिहिलेले पुस्तक १९५४ मध्ये निघाले. बी. सी. दत्त यांच्या आठवणींचे पुस्तक १९७१ चे. दत्त यांचे पुस्तक मला फार आवडते. त्यात फुशारकी नाही आणि आपल्या सहकाऱ्यांच्या गोंधळावर पांघरूण नाही. तरीही एक गोष्ट नजरेत भरते. दत्त तारायंत्र चालवणारे. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान संदेशवाहक. उपाध्यक्ष मदन सिंग तेही तारायंत्र शाखेचे. ही शिकलेली, इंग्रजी येणारी, युद्धकाळात देशभरातून भरती झालेली मुले. संदेश त्यांच्या हातात होते म्हणून उठाव एका दिवसात बंदरोबंदर पोहोचला, आणि लेखणीही त्यांच्या हातात होती म्हणून तो पुस्तकांत पोहोचला. नंतर नौदलाने दोन टग बोटींना दत्त आणि मदन सिंग यांची नावे दिली, ते योग्यच झाले.

पण युद्धापूर्वी या नौदलाचा कणा रत्नागिरी जिल्हा होता. कोकणी मुसलमान, आणि त्यांच्याबरोबर आमच्यासारखे किनाऱ्यावरचे हिंदू. १९३९ मध्ये नाविकांची संख्या दोन हजारांच्या आत होती. युद्ध संपेपर्यंत ती कितीतरी पटींनी वाढली आणि कोकणी माणूस त्या गर्दीत मागे ढकलला गेला. इंजिनघरात, भटारखान्यात, डेकवर. त्याने आठवणी लिहिल्या नाहीत. मराठीत या उठावावर लिहिताना आपण 'मुंबईचा उठाव' असे अभिमानाने म्हणतो, पण त्यात रत्नागिरीचा माणूस नेमका कुठे होता हे क्वचितच विचारतो. कॅसल बॅरॅक्सच्या बाहेर पहाऱ्याला मराठा पलटणीचे जवान होते. त्यांनी आतल्यांवर गोळी झाडायचे नाकारले, ही एक छापील हकिकत. आधी त्यांनीच गोळी झाडली, ही दुसरी. आपल्याकडच्या भाषणांत पहिलीच ऐकू येते. भिंतीच्या आत कोकण आणि बाहेर देश, हे चित्र आपल्याला सोसत नाही, म्हणून आपणही एक कोपरा कुरतडतो.

व्यक्तीचा माग काढायचा तर वाट चिंचोळी आहे. छापील नौदल यादीत फक्त अधिकारी असतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मोठा भरणा अधिकाऱ्यांचाच. युद्धात मेलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या यादीत मिळतात. मुंबईच्या स्मारकाशी जोडलेल्या यादीत नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सुमारे साडेसहा हजार खलाशांची नोंद आहे. म्हणजे मेलेला खलाशी सापडतो, जगून घरी आलेला सापडत नाही. त्यात नावाचा घोळ. आजोबांच्या दाखल्यात त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनावाच्या जागी गावाचे नाव आहे. आडनावाने शोधणाऱ्याला ते कधीच सापडले नसते. जन्मतारीख नाही, 'अंदाजे वय १८' आहे. विश्वास ठेवावा असा एकच तपशील, तो म्हणजे नाविकाचा अधिकृत क्रमांक. तो घालून मी नौदलाच्या नोंदविभागाला पत्र लिहिले. एक पानाचा उतारा आला. भरतीची तारीख, 'नर्बदा', 'डलहौसी', वर्तणूक फार चांगली, मे १९४६ ला मुक्त. शिक्षेची नोंद नाही, कोपरा कापल्याचीही नाही.

कागद इथे संपतात. मग मी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला गेलो. तिथल्या एका कोकणी मुसलमान घरातला स्टोकर आजोबांबरोबर डलहौसीत होता, एवढे आत्याला आठवत होते. त्या घरातल्या दादी आता नव्वदीच्या आहेत. त्यांनी सासऱ्यांकडून ऐकलेले सांगितले. दोघे एकाच बोटीने, पावसाळ्यात बोटी बंद होण्याच्या थोडे आधी, गावी आले. येताना दोघांकडे मिळून एक ट्रंक होती. आणि उठावाबद्दल? सासरे एवढेच म्हणत की आम्ही जेवलो नाही. सगळे ताटावरून उठले, तसे आम्हीही उठलो. गोळ्या सुटल्या तेव्हा खाली बसून राहिलो.

हे ऐकून मला आजी आठवली. आजोबांसाठी ती डाळ दोनदा निवडत असे. दाताखाली खडा आला तर ते काही न बोलता ताटावरून उठत, आणि त्या दिवशी परत जेवत नसत. नाविकांच्या तक्रारींत खड्यांचा भात आणि डाळ होती, हे मी पुस्तकांत वाचले होते. दोन्ही जोडून एक सुरेख वाक्य लिहायचा मोह मला झाला. तो मी आवरला. खडा लागल्यावर उठणारी माणसे कोकणात घरोघर आहेत. ज्या हाताने वडिलांनी डलहौसीचा हिमालय केला, तोच हात माझ्याही मनगटाला आहे.

मात्र एका गोष्टीचा अर्थ आता मला बदलावासा वाटतो. स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनेत या उठावात सोसलेल्या नाविकांनाही मान्यता मिळाली. वडिलांनी अर्ज मिळवला, भरला आणि आजोबांसमोर सहीसाठी ठेवला. त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. घरात तेव्हा पैशाची गरज होती. आत्याचे लग्न व्हायचे होते. वडिलांनी पुढे याचा अर्थ असा लावला की देशसेवेचे मोल घ्यायचे नाही, हा आजोबांचा बाणा. आम्हीही तो अभिमानाने सांगत आलो.

दाखला वाचल्यावर मला वाटते, कारण अधिक साधे असावे. त्या अर्जात शिक्षा काय झाली, नोकरी कशी गेली, हे विचारलेले होते. आजोबांना शिक्षा झाली नव्हती. ज्यांना झाली त्यांतले काही त्यांच्या ओळखीचे असणार. त्यांच्या रांगेत आपले नाव घालायला त्यांनी नकार दिला. ते ताटावरून उठले होते आणि त्याहून जास्त काही केल्याचे त्यांनी कधी म्हटले नाही. म्हणत होतो ते आम्ही. त्यांनी न केलेली ती सही हा मला या सगळ्या कागदपत्रांतला सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज वाटतो. तिच्यातून बाणा वजा झाला तरी मला आजोबा लहान झालेले दिसत नाहीत.

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितले तेव्हा शांतता पसरली. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, म्हणजे ते बंडात होते की नव्हते? एका शब्दात सांग." मी म्हणालो, एका शब्दात ते उपाशी होते. तो चिडला. त्याची मुले त्या चौकातून शाळेत जातात. फलकावर पणजोबांचे नाव असावे, असे त्याला वाटते, आणि ते मला चूक वाटत नाही. दाभोळच्या त्या स्टोकरचेही नाव सोबत लावा, ही माझी अट मात्र त्याने लगेच मान्य केली.

मी दिलेला मजकूर असा आहे : स्टोकर, शाही भारतीय नौदल, १९४३ ते १९४६. जहाज नर्बदा, आराकान किनारा. फेब्रुवारी १९४६, कॅसल बॅरॅक्स. एवढाच. 'वीर' नाही, 'सेनानी' नाही. मंडळाला तो कोरडा वाटतो आणि फलकाचा मथळा बदलावा लागेल यावर अजून वाद चालू आहे.

दाखला मी आता सरळ करून, आम्लविरहित कागदात ठेवला आहे. कड छाटून चौकोनी करू का, असे चौकट करणाऱ्याने विचारले होते. नको म्हटले. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख घालून दोन शब्द लिहिले आणि ती दाखल्यामागे ठेवली, पुढे कोणी ट्रंक उघडील त्याच्यासाठी : वाळवी. कात्री नव्हे.